हळदीची पारख

हिंगोली किंवा वसमतच्या बाजार-आवारात नव्या हळदीचे ढीग मांडले जातात, तेव्हा लिलावाचा पुकारा होण्यापूर्वी खरेदीदार ढिगात हात घालून एक हळकुंड उचलतो, दोन्ही हातांच्या जोराने ते मोडतो, मोडतानाचा आवाज कान देऊन ऐकतो, मोडीचा रंग उजेडाकडे धरून न्याहाळतो, आणि मग तो तुकडा नाकाशी नेऊन क्षणभर थांबतो. आणि एवढ्याशा अवधीत शेतकऱ्याच्या नऊ महिन्यांच्या कष्टाचा निवाडा होऊन जातो. ह्या परीक्षेला अशास्त्रीय म्हणून बाजूस सारणे हा मोठाच अन्याय ठरेल. कंद नीट शिजला आहे किंवा नाही हे शेतकरी गव्हाची काडी त्यात सहज शिरते का यावरून ठरवितो. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळल्यावर आणि पिंपात घोळून तिची साल गुळगुळीत झाल्यावर, जे हळकुंड मोडताना धातूसारखा टणत्कार करते ते पक्के, आणि जे बोदा आवाज करून वाकते त्याच्या पोटात ओल आहे, हा निष्कर्ष पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेला आहे. कान, डोळा आणि नाक ही ह्या व्यापाराची पहिली उपकरणे होत, आणि त्यांच्या मागोमाग जी उपकरणे आली त्यांचा वृत्तांत सांगताना एकच प्रश्न मला सतत पुढे ठेवावासा वाटतो: ही पारख कोणाच्या डोळ्यांदेखत होते?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, म्हणजे प्रशासनाच्या दप्तरात त्याचे वय फारच लहान. परंतु ज्या भूमीने नामदेवांसारखा संत दिला, जिच्या औंढ्यास नागनाथाचे प्राचीन देवालय उभे आहे, तिला अर्वाचीन म्हणण्याचे धाडस कोण करील? निजामाच्या अंमलात हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे होते, आणि छावणीच्या आश्रयाने पेठ वाढते हा जो सार्वत्रिक शिरस्ता, त्याला ते गावही अपवाद नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. सरकारे बदलली, मोजणीची आणि वसुलीची भाषा बदलली, परंतु कास्तकार, अडत्या, हमाल आणि खरेदीदार हे बाजाराचे चार खांब मात्र आपापल्या जागी उभे राहिले.

त्या जुन्या बाजाराची एक पद्धत येथे विस्ताराने सांगितली पाहिजे. देशातील कित्येक पेठांत भावाचा ठराव उघड बोलून होत नसे. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून आकडा कळवीत, आणि ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी समोर उभा राहून केवळ त्या कापडाची हालचाल पाहत असे. आपल्या मालास काय भाव आला, तो कोणी दिला, आणि जो सांगितला जातो तोच दिला गेला किंवा कसे, याची त्यास काहीच शाश्वती नसे. ह्या अंधारावर पहिला कायदेशीर उपाय हिंगोलीच्या शेजारीच झाला हे लक्षात ठेवण्याजोगे आहे: वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९२८ साली शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि हैदराबाद संस्थानाने फसली १३३९, म्हणजे इसवी सन १९३० च्या सुमारास, आपला कृषिबाजार कायदा केला. महाराष्ट्र राज्यात त्याची जागा १९६३ च्या अधिनियमाने घेतली. उघडा लिलाव, तोललेल्या मालाची पावती आणि बाजार समितीची देखरेख यांनी रुमाल दूर केला. आज हिंगोलीच्या हळद बाजारास संत नामदेवांचे नाव आहे. ज्याने अभंगांतून भेदाभेदाचा पडदा दूर सारला त्याच्या नावाखाली उघडा सौदा व्हावा, यात मला औचित्य दिसते.

मात्र कायद्याने भाव उघडा केला, गुण उघडा केला नाही. १९३७ च्या प्रतवारी कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात ॲगमार्कची व्यवस्था आणली आणि शेतमालास प्रत लावण्याची रीत घातली. तथापि हळकुंडाच्या अंतरंगात पिवळेपणा देणारे द्रव्य किती आहे आणि परके द्रव्य किती आहे, हे डोळ्याने ठरविण्यास सीमा होती. त्या अंतरंगाचा शोध घेण्याची कथा सुरू होते ती दूरच्या युरोपात, आणि तिचा प्रारंभ मोठा मनोरम आहे. कारण तेथे हळदीची परीक्षा होण्यापूर्वी हळदच इतरांची परीक्षा घेत होती. हळदीच्या अर्कात भिजवून वाळविलेला कागद क्षाराच्या स्पर्शाने तांबडा होतो, म्हणून तेथील रसायनशाळांत तो दीर्घकाळ क्षारपरीक्षेसाठी वापरला गेला. आपल्या घरी ही गोष्ट कोणास ठाऊक नाही? हळद आणि चुना एकत्र आले की कुंकवाचा रंग उमटतो. लग्नातील हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. १८१५ साली फोगेल आणि पेल्लेत्ये यांनी ह्या पिवळ्या द्रव्यास वेगळे करून त्यास कर्क्युमिन हे नाव दिले, आणि १९१० साली मिलोबेंड्झ्का, कोस्तानेत्स्की व लांपे यांनी त्याची रचना निश्चित केली.

परंतु हळदीत एकटे कर्क्युमिन नसते. त्याची दोन भावंडे, डीमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडीमेथॉक्सीकर्क्युमिन, त्याच्यासवे नांदतात आणि तिघांचाही रंग पिवळाच. त्यांना वेगळे करावयाचे तर वर्णलेखन हवे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी १९०३ साली वॉर्सा येथे ही पद्धत मांडली: खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क झिरपू दिला असता त्यातील रंगद्रव्ये निरनिराळ्या गतीने खाली उतरतात आणि रंगांचे पट्टे पडतात. त्या काचनळीचा वंश वाढत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोलादी कॉलम आणि उच्च दाबाच्या पंपापर्यंत आला, आणि द्रवरूप नमुना वातावरणाच्या शेकडो पट दाबाने त्या कॉलमातून रेटण्याची जी पद्धत रूढ झाली तिला प्रयोगशाळांत एचपीएलसी म्हणतात. कॉलमच्या टोकाशी प्रकाशाचा शोधक बसवून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास पाहिले म्हणजे पिवळ्या द्रव्यांची शिखरे कागदावर उमटतात, आणि हळदीतील कर्क्युमिनचा टक्का त्यांवरून निघतो.

दुसरे उपकरण याहून निराळ्या कुळातले. जे. जे. टॉमसन यांच्या प्रयोगशाळेतील कामातून उगम पावलेला आणि १९१९ साली ॲस्टन यांनी प्रगत केलेला द्रव्यमान-वर्णपटमापक हा पदार्थाच्या विद्युद्भारित कणांना त्यांच्या वजनानुसार वेगळे करतो. त्यास रंगाशी कर्तव्य नाही, केवळ भाराशी. हैदराबाद संस्थानाने १९४४ साली आपल्या राजधानीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनासाठी ज्या केंद्रीय प्रयोगशाळा उभारल्या, त्यांचाच आजचा अवतार म्हणजे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, आणि तीत द्रव्यमान-वर्णपटशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे. ज्या राजवटीच्या मुलखात हिंगोली होती, त्याच राजवटीने रोवलेल्या बीजातून हे शास्त्र वाढावे, ह्या योगाची नोंद मी येथे कृतज्ञतेने करतो.

आता प्रश्न उपस्थित होतो तो असा, की एक उपकरण द्रव्यांना निवडून वेगळे करते आणि दुसरे त्यांना नावानिशी ओळखते, तर दोघांना जोडून का देऊ नये? वायुरूप वर्णलेखनाच्या बाबतीत हा सांधा १९५० च्या दशकातच जुळला. द्रवाच्या बाबतीत मात्र तो कित्येक वर्षे जुळेना, आणि त्याचे कारण दोघांच्या स्वभावातच होते. द्रव्यमानमापकाच्या पोटात निर्वात प्रदेश असतो आणि तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा कोटीव्या भागाइतका विरळ ठेवावा लागतो. तर एक मिलीलिटर पाण्याची उकळत्या तापमानास वाफ केली असता ती सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. दर मिनिटास एवढी वाफ निर्वातात शिरू लागली तर निर्वात टिकावा कसा? १९७० च्या दशकात फिरत्या पट्ट्यावर द्रव वाळवून केवळ अवशेष आत नेण्याचे प्रयत्न झाले, पुढे तापविलेल्या नळीतून फवारा सोडण्याची युक्ती निघाली, परंतु सर्वमान्य तोडगा मिळाला तो जॉन फेन यांच्या विद्युत्-फवाऱ्याने. माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कल्पनेचा आधार घेऊन फेन यांनी येल विद्यापीठात १९८४ साली दाखवून दिले की, बारीक सुईच्या टोकाशी काही हजार व्होल्टचा दाब दिला असता द्रवाचे भारित तुषार उडतात, नायट्रोजनच्या झोतात ते आटत जातात, आटता आटता त्यांवरील भार एकमेकांस रेटू लागतो, थेंब फुटतात, आणि अखेरीस द्रव्याचा भारित रेणू एकटा उरतो; द्रव बाहेरच्या बाहेर जातो आणि रेणू तेवढा चिमुकल्या छिद्रातून आत घेतला जातो. ह्या कार्यासाठी फेन २००२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

सांधा जुळला खरा, पण तो आपोआप टिकत नाही. आणि ह्या ठिकाणी प्रयोगशाळेतील त्या शांत, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या कामाविषयी आदराने लिहिले पाहिजे, ज्यास तेथील माणसे सेटिंग म्हणतात. दोहोंपैकी निर्वाताला आपला स्वभाव बदलता येत नाही, म्हणून सवयी बदलाव्या लागतात त्या द्रवाच्या बाजूस. प्रकाशाच्या शोधकासाठी वर्षानुवर्षे चालत आलेले फॉस्फेटचे द्रावण येथे चालत नाही, कारण ते उडून जात नाही. फवारा आटताच त्याचे मीठ छिद्राच्या तोंडाशी साचून बसते, आणि एका दिवसाच्या हलगर्जीपणाने उपकरण मुके होते. त्याच्या जागी उडून जाणारी द्रव्ये घ्यावी लागतात: सुमारे ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, किंवा अमोनियम फॉर्मेट, अमोनियम ॲसिटेट. हळदीच्या बाबतीत तर हे आम्ल दुहेरी उपकारक आहे, कारण साबणाने डाग लाल होतो तीच गोष्ट काचेच्या बाटलीतही घडते; क्षारधर्मी द्रावणात कर्क्युमिन केवळ रंग बदलत नाही, तर विघटन पावू लागते, आणि आम्लात मात्र ते टिकून राहते. आजीच्या अनुभवाने जे जाणले होते तेच येथे नियम होऊन उभे राहते.

पुढची गोष्ट प्रवाहाची. ४.६ मिलीमीटर रुंदीच्या कॉलमातून मिनिटास एक मिलीलिटर द्रव वाहू देण्याची जुनी रीत सोडून २.१ मिलीमीटरचा कॉलम लावला, तर छेदाचे क्षेत्र सुमारे एक-पंचमांश होते आणि त्याच मानाने प्रवाहही कमी करता येतो, म्हणजे फवाऱ्यावरील ओझे हलके होते. परंतु प्रवाह मंदावला की नळ्यांतील फुकट जागा जाचू लागते. म्हणून कॉलमपासून सुईपर्यंतची नळी शक्य तितकी बारीक आणि आखूड ठेवावी लागते, एरवी कॉलमने मोठ्या कष्टाने वेगळी केलेली द्रव्ये वाटेतच पुन्हा एकमेकांत मिसळतात. मध्ये एक झडप असते; नमुन्याबरोबर आलेली साखर आणि क्षार पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत बाहेर पडतात, तेव्हा ती प्रवाह कचऱ्याच्या बाटलीकडे वळविते, आणि अपेक्षित द्रव्य येण्याच्या थोडे आधी उपकरणाकडे. द्रावणे उच्चतम शुद्धतेची लागतात, त्यांतील विरघळलेली हवा काढावी लागते, आणि बाटल्या साबणाने धुतलेल्या नकोत, कारण साबणाचा लेशही महिनोन्महिने साक्षीत ढवळाढवळ करतो. हळद तर सर्वांनाच रंगविणारी. ती कॉलमलाही चिकटते आणि सुईलाही, म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर सेंद्रिय द्रावकाने धुवून, रिकामा नमुना चालवून, मागच्या ढिगाचा दोष पुढच्या ढिगावर येत नाही ना, याची खातरजमा करावी लागते. दुसऱ्याचा गुन्हा निरपराधाच्या माथी न मारणे हा न्यायासनाचा पहिला धर्म, आणि तो येथे एका धुण्याच्या क्रियेने पाळला जातो.

हे सर्व साधल्यावर उपकरण जे बोलते ते विलक्षण स्पष्ट असते. कर्क्युमिनचा भारित रेणू ३६९ ह्या आकड्यावर उभा राहतो, त्याची भावंडे ३३९ आणि ३०९ वर. एकेक मेथॉक्सी गट गळाल्याने तीस-तीसचा हा उतार पडतो. पण एकाच आकड्यावर विसंबणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे. म्हणून १९७८ साली योस्ट आणि एन्के यांनी मांडलेल्या तिहेरी रचनेत पहिला विभाग ३६९ चा रेणू निवडतो, दुसरा त्यास वायूच्या आघाताने फोडतो, आणि तिसरा त्याचा १७७ चा तुकडा ओळखतो. आईबाप आणि अपत्य दोन्ही पटले, आणि कॉलममधून बाहेर येण्याची वेळही जुळली, तरच ओळख पक्की धरली जाते. मेटॅनिल यलोसारखा निषिद्ध पिवळा रंग डोळ्याला चकवील, ह्या तिहेरी तपासाला सहसा चकविणार नाही. कीटकनाशकांचे अवशेष शोधताना तर परीक्षा अधिकच सूक्ष्म होते. युरोपात अनेक द्रव्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम मानली जाते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग; दहा टन हळदीच्या भरलेल्या ट्रकमध्ये दहावा हिस्सा ग्रॅम. आणि हळदीतील तेले व रंगद्रव्ये त्या अवशेषाचा आवाज दाबून टाकतात, म्हणून तुलनेसाठी ठेवलेले प्रमाणही अवशेषरहित हळदीच्याच अर्कात तयार करावे लागते.

ह्या यंत्राचे महत्त्व महाराष्ट्राने द्राक्षांच्या निमित्ताने मोठी किंमत देऊन शिकून घेतले. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांतील अवशेषांविषयी हरकत निघाली आणि पुढे पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. तरीही २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड, ज्यास बागायतदार सीसीसी म्हणतात, त्या वाढनियंत्रकाच्या अवशेषामुळे द्राक्षे नाकारली गेली. ते द्रव्य मुळातच भारित, वाफ न होणारे. वायुरूप वर्णलेखनाच्या हाती ते लागत नाही, द्रव आणि द्रव्यमान यांच्या सांध्यावरच ते पकडले जाते. परंतु त्या संकटाचा खरा धडा असा की, जे द्रव्य तपासाच्या यादीतच नाही त्याविषयी उत्तम यंत्रही मौन पाळते. यंत्र साक्षीदार आहे, सर्वज्ञ नव्हे. विचारलेल्या प्रश्नाचेच ते उत्तर देते. लेड क्रोमेटसारख्या शिशाच्या रंगाची भेसळ ओळखण्यास तर ह्याचे ज्ञान अपुरेच पडते, आणि धातू मोजणारे निराळे उपकरण लागते.

गेल्या काही दशकांत हिंगोली जिल्ह्यात हळदीचे पीक झपाट्याने वाढले. सेलमसारख्या वाणाने वसमत, कळमनुरी, औंढा ह्या भागांतील शेते व्यापली. २०२२ साली राज्य शासनाने वसमत येथील हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रास मान्यता दिली. २०२४ साली वसमत हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीस हा मान २०१८ सालीच लाभला होता. मानांकन म्हणजे भूमीच्या नावाची जामीनकी होय, आणि जामीन राहणाऱ्याने आपला शब्द सिद्ध करण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती सिद्धता शेवटी त्या सांध्यावरच यावयाची आहे.

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परत येतो. हळकुंड मोडण्याची परीक्षा शेतकऱ्याच्या समोर होत असे. तो आवाज त्यालाही ऐकू येई, त्या मोडीचा रंग त्यालाही दिसे, आणि निवाडा पटला नाही तर दुसरे हळकुंड मोडून दाखविण्याची मुभा त्याला होती. सौद्यावरचा रुमाल काढण्यास कायद्याला चार-पाच दशके लागली. परंतु दूरच्या शहरातून येणारा इंग्रजी अहवाल, त्यातील अनोळखी द्रव्यांची नावे आणि दशांश चिन्हांपुढची शून्ये, ही ज्याला वाचता येत नाहीत त्याच्यापुढे दुसरा रुमाल पसरला जातो, आणि त्याखाली बोटे कोण दाबतो हे त्याला पूर्वीइतकेच अज्ञात राहते. म्हणून कॉलम कोणता, प्रवाह किती, द्रावण कोणते, कोणती द्रव्ये तपासली आणि कोणती तपासली नाहीत, हे सारे अहवालात लिहिलेले असावे आणि ते मराठीत समजावून सांगणारा माणूस जिल्ह्यातच असावा. कारण ज्या मांडणीवर निवाडा उभा आहे ती उघड असली तरच दुसरी प्रयोगशाळा तो निवाडा पडताळून पाहू शकते, आणि पडताळून पाहता येत नाही अशा साक्षीला कोणत्याही न्यायात किंमत नसते. द्रव आणि निर्वात यांचा सांधा जुळविणाऱ्यांनी अनेक वर्षे खपून आपले काम पुरे केले. प्रयोगशाळा आणि खळे यांचा सांधा अजून जुळावयाचा आहे, आणि तो जुळेल त्या दिवशी वसमतचा शेतकरी आपल्या हळदीचा अहवाल हातात घेऊन, मोडलेल्या हळकुंडाकडे पाहावे तसा तो उजेडाकडे धरून, स्वतः वाचील.